आभाळाचा सात-बारा, पण वाचणार कोण?

पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण खोडदच्या दुर्बिणीला तंतोतंत लागू पडते. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. १४ खोडदला एका जागी, बाकीच्या आसपासच्या गावांच्या शिवारात, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत. येणारा-जाणारा मान वर करून बघतो. पण या तबकड्या जे गोळा करतात ते जातं कुठं, हे विचारणारा विरळाच.

शेताची मोजणी होते तशी या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात आकाशाची मोजणी केली. ती टिपणं संग्रहात जपून ठेवली होती. परदेशांतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा नव्याने हिशेब मांडला आणि २०१६ साली जवळजवळ ९० टक्के आकाशाचे नकाशे जगाला खुले केले. त्यात सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओ स्रोतांची नोंद आहे. फी नाही, वशिला नाही. ज्याला हवं त्याने बघावं. २०१८ साली याच यादीतून तोवरची सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका सापडली. ती शोधण्यात पुढे होता नेदरलँडच्या लायडन विद्यापीठातला एक संशोधक विद्यार्थी.

माहिती जगाला दिली याचं दुःख नाही. ती द्यायलाच हवी. दुःख आहे ते आपली पोरं त्यात दिसत नाहीत याचं. आकाशातले संदेश फार क्षीण, म्हणून या भागात कारखान्यांवर, विजेच्या गोंगाटावर बंधनं आली. पुणे-नाशिक रेल्वेचा नियोजित मार्गही याच कारणाने अडला. गावांनी एवढं सोसलं, मग फळात त्यांचा वाटा नको?

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाला खोडदला शाळकरी पोरांची जत्रा भरते. चांगलंच आहे. पण एक दिवस तबकडी बघून शास्त्रज्ञ घडत नाही. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरच्या विज्ञान महाविद्यालयांनी हे नकाशे वाचणारे गट उभे करावेत. संगणक आणि इंटरनेट आता तिथे आहेच. दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेने महिन्यातून एकदा माणूस पाठवावा आणि मराठीतून साधी माहिती-पुस्तिका द्यावी.

धरण भरलं म्हणून शेत भिजत नाही, त्याला चारी काढावी लागते. ती काढायचं काम प्राचार्यांनी येत्या सत्रापासूनच हाती घ्यावं.