जायफळाची कॉफी आणि हरवलेली झोप

गेल्या हिवाळ्यात उमरेडमधील एका परिचित कुटुंबाकडे जाणे झाले. घरातील काकूंचे वय ७४ वर्षे. मुलाची चिंता एकच होती. "आईला रात्री झोप लागत नाही. दोन-तीनदा उठते, अंधारात चाचपडत फिरते. परवा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तोल गेला, थोडक्यात निभावले. झोपेची गोळी सुरू करावी का?"

गोळीचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. वृद्धांमध्ये अशा गोळ्यांमुळे तोल जाऊन पडण्याचा धोका वाढू शकतो, म्हणून त्याआधी दिनक्रम पाहणे श्रेयस्कर. काकू दिवसभरात काय काय घेतात, असे विचारले तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "सकाळी चहा, आणि रात्री नऊला जायफळ घातलेली दुधाची कॉफी. जायफळाने झोप येते म्हणून मीच करून देते."

काकू जराशा संकोचल्या. "ह्यांना खाणीत रात्रपाळी असायची. निघण्यापूर्वी आम्ही दोघे बसून कॉफी घ्यायचो. ते गेले, कॉफी तेवढी राहिली."

मराठी घरांत कॉफी आणि जायफळ यांची जोडी जुनी आहे. कॉफीही आपल्याला परकी नाही. आपल्या विदर्भातच चिखलदऱ्याला तिची लागवड होते. परंतु एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जायफळ घातल्याने कॉफीतील कॅफीन नाहीसे होत नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी सुमारे निम्मा भाग साधारण पाच तासांनंतरही शरीरात शिल्लक असतो, आणि काही व्यक्तींमध्ये तो याहून अधिक काळ रेंगाळतो. म्हणजे नऊ वाजताची कॉफी रात्री दोनलाही आपले काम करीतच असते. रात्री उठावे लागणे आणि अंधारात तोल जाणे यांचा संबंध कित्येकदा त्या पेल्याशी असतो, पण दोष मात्र वयाला दिला जातो.

म्हणून कॉफी बंद करावी काय? तसे मुळीच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत चहा-कॉफी मिळून दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे. त्याच पुस्तिकेनुसार १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०, तर झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाकाठी एक-दोन पेले बहुतेक ज्येष्ठांना सोसतात. हृदयाचे ठोके अनियमित असणे, तीव्र आम्लपित्त किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. कॉफी कमी करायची झाल्यास ती हळूहळू करावी. एकाएकी सोडल्यास डोके दुखते आणि चिडचिड होते.

आता कृतीकडे वळू. आपल्या दुधाच्या कॉफीत अपाय बहुधा कॉफीपेक्षा साखरेचा असतो. दोन चमचे साखरेचे तीन पेले घेतले की दिवसाला २५ ते ३० ग्रॅम साखर तेथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर, गूळ, मध असे सारे मिळून दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक हितावह. साखरेऐवजी गूळ घातल्याने मधुमेहींची सुटका होत नाही. दर आठवड्याला पाव चमचा साखर कमी करीत गेल्यास जिभेला फारसे जाणवत नाही.

एका पेल्यासाठी १०० मिलिलिटर दूध आणि ५० मिलिलिटर पाणी घ्यावे. दूध उकळून थोडे निवू द्यावे व वरची साय काढावी. पाणी मिसळून पुन्हा गरम करावे, आच बंद करावी आणि मगच एक सपाट लहान चमचा झटपट कॉफी घालावी. कॉफी दुधात फार वेळ उकळल्यास कडवट होते, आणि तो कडूपणा झाकायला साखर वाढते. वेलदोड्याची पूड चिमूटभर आणि जायफळ किसणीवर दोन-तीनदा घासलेले पुरेसे. जायफळ अधिक झाल्यास मळमळ, गरगरणे असे त्रास संभवतात.

बियांची पूड वापरणाऱ्यांनी ती भांड्यात उकळून तशीच न पिता गाळून घ्यावी. न गाळलेल्या कॉफीतील तेलकट अंश रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवतात. कागदी गाळणीत ते बहुतांशी अडकतात. पाकिटावरील चिकोरीचे प्रमाणही वाचावे. चिकोरीत कॅफीन नसते, त्यामुळे ती मिसळलेली पूड तुलनेने सौम्य पडते.

येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. ज्या ज्येष्ठांचे वजन उतरत आहे, जेवण जात नाही, त्यांच्या पेल्यातील साय काढू नये. त्यांच्यासाठी दुधाची कॉफी हा प्रथिने आणि कॅल्शियम पोटात जाण्याचा एक मार्गच असतो. पाण्याऐवजी पूर्ण दूध घ्यावे, हवी तर एक चमचा दुधाची भुकटी मिसळावी.

औषधे आणि कॉफी यांच्या वेळांची गल्लत सांभाळणाऱ्यांकडून सहज होते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर द्यावी आणि कॉफी अर्ध्या ते एका तासानंतर. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळीही केवळ साध्या पाण्याबरोबरच घेतात. लोहाची गोळी कॉफीबरोबर देऊ नये. जेवणाच्या आधी व नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी, कारण अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यात तिचा अडथळा होतो. रक्तदाब मोजायचा असेल, तर त्यापूर्वी अर्धा तास कॉफी घेऊ नये. आणि विदर्भातील उन्हाळ्यात कॉफी घेतली म्हणून पाणी विसरू नये.

काकूंच्या घरी तीन बदल सुचवले. कॉफी दुपारी तीनला, साखर अर्धा चमचा. रात्री नऊला त्याच पेल्यात जायफळ घातलेले कोमट दूध, कॉफीविना. आणि खोलीपासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा. काकूंनी प्रथम मान हलवली. नऊची वेळ मोडणार नाही हे कळल्यावर त्या तयार झाल्या.

महिन्याभराने मुलाचा दूरध्वनी आला. झोप तरुणपणासारखी झालेली नाही, तशी ती होणारही नव्हती; पण आता त्या बहुधा एकदाच उठतात, आणि गोळीचा विषय मागे पडला आहे. सूनबाईंनी आपण होऊन आणखी एक बदल केला. नऊ वाजता त्या दोन पेले भरतात आणि काकूंशेजारी बसून आपले दूध पितात.

आपल्या घरातील ज्येष्ठांच्या पेल्यातून काही काढायचे असेल, तर तो पेला त्यांना कशासाठी हवा असतो, हे आधी त्यांनाच विचारावे. त्यांचे उत्तर ऐकल्यावर साखर किती, दूध कोणते आणि वेळ कोणती, हे ठरवणे फारसे अवघड जात नाही.