फसलेल्या टॅक्सीवाल्याची बाजू




सोफिया लॉरेनच्या ‘पेक्कातो के सिया ऊना कनाल्या’ (१९५४) या चित्रपटाने चोरी गोड करून दाखवली आणि ‘बायसिकल थीव्हज’चे दिग्दर्शक डी सिका यांनी गरिबांकडे पाठ फिरवली, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा आक्षेप मला अजिबात मान्य नाही. मुळात या चित्रपटाचे दिग्दर्शन आलेस्सांद्रो ब्लासेत्ती यांचे, कथा मोराव्हियांची. डी सिका इथे नट आहेत. नायिकेच्या चोर बापाची भूमिका त्यांची.

आणि गरीब माणूस इथेही आहेच. मास्त्रोयानीचा पाओलो टॅक्सी चालवतो. नायिका लीना त्याला बोलण्यात गुंगवते आणि तिचे साथीदार तीच टॅक्सी लांबवू पाहतात. ‘बायसिकल थीव्हज’मध्ये सायकल गेली की रोजगार गेला, इथेही तेच. आमच्या वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती वाहणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारा, गाडी जाणे म्हणजे काय! पाओलो चिडतो, भांडतो आणि तरीही लीनावर भाळतो. लीनाच्या घरात लबाडीइतकीच मायाही आहे, म्हणून त्याची ओढाताण खरी वाटते. हसता हसता मला काळजी वाटत राहिली ती त्याचीच.

आपल्या फिल्म सोसायट्यांनी हे दोन्ही चित्रपट लागोपाठ दाखवावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)