हिशेबाचे पुस्तक आणि काट्याची पावती



आपली पोरं कॉलेजात 'अकौंटिंग इन्फर्मेशन सिस्टिम' नावाचा विषय शिकतात. नाव जड आहे, मतलब साधा आहे. व्यवहार कुठे जन्मला, कोणी लिहिला, कुठल्या वाटेने गेला आणि ताळेबंदात कुठे जाऊन बसला, याचा माग काढायचे हे शास्त्र. जुनी जाणती मंडळी म्हणतात, "हिशेब पेढीवर बसून शिकायचा, पुस्तकात काय ठेवलंय?" आमचे मत वेगळे आहे. पुस्तकातून जरूर शिकावे. फक्त शेजारी आपली काट्याची पावती ठेवून वाचावे.

पुस्तकाने हिशेब शिकवणे ही आजची टूम नव्हे. इटलीतल्या लुका पाचोली या गणिती साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत सांगितली. ती त्याने शोधली नव्हती, व्यापारी ती वापरतच होते. त्याने ती नीट लिहून काढली, एवढेच. त्याच्या तीन वह्या म्हणजे आपली कच्ची वही, कीर्द आणि खतावणीच म्हणा ना.

आजच्या पुस्तकांत अमेरिकेतल्या रॉम्नी आणि स्टाइनबार्ट या लेखकांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. अशा पुस्तकांतला एक धडा प्रत्येक सभासदाने समजून घ्यावा. व्यवहाराला मंजुरी देणारा, माल सांभाळणारा आणि नोंद करणारा ही तीन कामे एका हातात देऊ नयेत. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे, तर एकाच हातातली चूक दुसऱ्या कोणाला दिसत नाही म्हणून.

दुसरा धडा तीन कागद ताडून पाहण्याचा. खरेदीची मागणी, माल आल्याची नोंद आणि विक्रेत्याचे बिल जुळले तरच पैसे द्यायचे. इथे मात्र आपली गाडी अडते. पुस्तकातला विक्रेता बिल पाठवतो. ऊसवाल्याला बिल येते! वजन खरेदीदार करतो, उतारा खरेदीदार काढतो, कपातीही तोच करतो. आणि गंमत अशी की विकणारा त्याच कारखान्याचा मालकही असतो. म्हणजे तिसरा कागद आपल्याकडे नाहीच. तो सभासदाने आपल्या वहीत स्वतः तयार केला पाहिजे. ऊस तुटल्याची तारीख, गाडीचा नंबर, भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, पावतीचा नंबर. एवढ्या पाच गोष्टी लिहायला किती वेळ लागतो? पण पावती गाडीवानाच्या खिशातच राहते आणि बिल आले की आपण फक्त खालचा आकडा बघतो.

फरक किती पडतो ते पाहा. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये जादा. म्हणजे टनाला ३३ रुपये २० पैसे. समजा एखाद्याचा ऊस ४० टन गेला, तर उताऱ्यातला एवढासा फरक १,३२८ रुपयांचा होतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर सालाना १५ टक्के व्याज. एक लाखाचे बिल ३० दिवस रखडले तर सुमारे १,२३३ रुपये व्याज होते. चांगली हिशेबव्यवस्था ते पावतीच्या तारखेवरून आपोआप काढील. सभासदाला अर्ज करायला लावणार नाही.

काटा संगणकाला जोडला म्हणजे सगळे मिटले, असे काहीजण समजतात. पुस्तक सांगते की चुकीचा आकडा आत गेला तर तोच सुबक छापून बाहेर येतो. विचारायचे ते हे: एकदा नोंदलेले वजन नंतर बदलता येते का? बदलले तर कोणी, केव्हा बदलले याची खूण राहते का? वार्षिक सभेत अहवालाची पाने उलटण्याआधीच "मंजूर, मंजूर" होते, तिथे हा एक प्रश्न कोणी उभे राहून विचारला तर आम्हाला आनंद वाटेल. कारखान्याच्या चांगल्या अधिकाऱ्यांनाही वाटेल, कारण नीट ठेवलेली व्यवस्था दाखवायला त्यांनाही आवडते.

आमची सूचना अशी. या विषयाचे एक पुस्तक कारखान्याच्या वाचनालयात ठेवावे. कॉमर्सला असलेल्या सभासदांच्या मुलामुलींनी हंगाम संपल्यावर आठ दिवस यावे आणि एकच पावती हातात घेऊन तिचा माग काढावा: शेतकी ऑफिसच्या नोंदीपासून काट्यापर्यंत, काट्यापासून ऊसबिलापर्यंत, सोसायटीच्या वसुलीपासून बँकेच्या खात्यापर्यंत. जे दिसेल ते साध्या मराठीत लिहावे. वाटेत कुठे धागा तुटला तर तेही लिहावे. ते लिखाण याच पानांवर छापायला आम्ही जागा राखून ठेवतो. तोवर गेल्या हंगामाच्या पावत्या फेकू नका. ट्रंकेत असतील तर काढून बिलाशेजारी लावून बघा.