गळवाल्या पोरांना हाकलू नका, शिकवा



दर रविवारी बेळगावहून आणि आसपासच्या गावांतून दहा-पंधरा पोरं गाडीवरून तळ्यावर येतात. कुणाकडं ऑनलाईन मागवलेली रीळवाली काठी असते, कुणाकडं नुसतीच वेळूची. आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, सरळ गळबंदी करा, बोर्ड लावा. काही तरुण म्हणतात, चालतंय की, एक-दोन मासे नेले तर काय तळं आटतंय? आमचं मत दोन्हीपेक्षा वेगळं आहे. त्यांना येऊ द्यावं, पण पास देऊन, आणि पहिल्याच दिवशी चार गोष्टी शिकवून. का, ते सांगतो.

आधी एक गोष्ट, जी आपल्याला पाठ आहे पण बाहेरच्या माणसाला माहीतच नसते. रोहू, कटला आणि मृगळ साचलेल्या तळ्यात पिल्लं घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. मोठ्या धरणाच्या वर नदी वाहती असेल तर कधी जमतं, गावच्या तळ्यात जमत नाही. पूर्वी पुराच्या नदीतून बीज गोळा करावं लागायचं. 10 जुलै 1957 ला ओडिशात शास्त्रज्ञांनी इंजेक्शन देऊन या माशांची अंडी काढून दाखवली, तेव्हापासून केंद्रावर बीज तयार व्हायला लागलं. म्हणून तर 10 जुलैला मत्स्य शेतकरी दिन असतो. सांगायचं हे की आपल्या तळ्यातला प्रत्येक कटला, प्रत्येक रोहू पैसे मोजून, डब्यातून आणून सोडलेला आहे. तो निसर्गाचा फुकटचा माल नाही, ते आपलं पीक आहे. पीक उभं असताना शेतात कुणी शिरला तर आपण काय म्हणतो?

पण गळ टाकणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलंच नाही, तर दोष एकट्या त्याचा कसा? त्याला दीडशे ग्रॅमचा कटला लागतो, तो फोटो काढतो आणि पिशवीत टाकतो. घरी त्याची धड आमटीही होत नाही. तोच मासा पाण्यात राहिला, खाणं बरं मिळालं, तर वर्षाभरात किलोच्या आसपास जातो. नुकसान त्या पोराच्या लक्षातही येत नाही, आपल्या जाळ्यात मात्र दिसतं.

म्हणून नवख्याला आमचा पहिला सल्ला: सुरुवात कॉमन कार्पपासून करा, ज्याला आपल्याकडं सगळे सिप्रिनस म्हणतात. हा मासा तळ्यातच अंडी घालतो, पाणवनस्पतीला चिकटवतो, आपली संख्या आपण वाढवतो. तळाचा चिखल उकरून खातो, त्यानं पाणी गढूळ होतं, बांधाची कडही पोखरते. तो चार जास्त निघाला तरी संस्थेचं काही अडत नाही. आणि शिकणाऱ्याला तोच बरा, कारण तो काठाजवळ येतो आणि कणकेला लागतो.

ओळखायचा कसा? तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या, आणि पाठीवरच्या पराचा पहिला काटा जाड, करवतीसारखा दातेरी. बोट फिरवताना जपून. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत, कारण तो वरच्या पाण्यातलं खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे, पर लालसर, तो मधल्या पाण्यात. मृगळ सडपातळ, चंदेरी, तळाला चरणारा. हे चार मासे ओळखता आले की निम्मं शिक्षण झालं.

दुसरा सल्ला खर्चाचा. हजारो रुपयांची काठी घेऊन काही होत नाही. दहा-बारा फुटांची वेळूची काठी, जवळजवळ तेवढीच नायलॉनची दोरी, 6 ते 8 नंबरचा गळ, चिमूटभर शिसं आणि तरंगायला एक बूच. एवढ्यात पहिला हंगाम निघतो. आमिषाला गव्हाची कणीक घट्ट मळून त्यात थोडी शेंगदाण्याची पेंड, नाहीतर भिजवून उकडलेला मका, नाहीतर गांडूळ. मासा जमवायला कोंडा-पेंडीचे गोळे टाकतात, ते दोन मुठींच्या वर नकोत. जास्तीचं खाणं तळाला कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. मग पहाटे मासा मरून वर येतो आणि त्याचा भुर्दंड आपल्याला.

वेळेचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं सकाळी पाणी गार असतं, मासा सुस्त असतो, ऊन चढल्यावर बसावं. उन्हाळ्यात पहाट आणि सांज. पण पहाटे मासे पृष्ठावर तोंड काढून गपागप हवा घेताना दिसले तर गळ टाकू नका. ते भूक लागली म्हणून नव्हे, जीव गुदमरतो म्हणून वर आलेले असतात. ताबडतोब संस्थेच्या माणसाला सांगा. असा एक निरोप वेळेवर आला तर वर्षाची मेहनत वाचते.

सिप्रिनस आमिष चाखतो, तोंडात घेतो, टाकतो. बूच नुसतं थरथरलं की पोरं हिसका देतात आणि मासा जातो. बूच सरकायला लागलं किंवा बुडालं की मग हलकं ओढायचं. हे सांगून कळत नाही, चार-पाच वेळा चुकल्यावर हातालाच कळतं.

लहान कटला, रोहू किंवा मृगळ लागला तर परत सोडायचा. आमचा प्रस्ताव आहे की अर्ध्या किलोच्या आतला नेऊ नये. सोडायचीही पद्धत आहे. हात आधी ओले करा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग लागतो. कोरड्या मातीवर ठेवू नका. गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापा. फोटो काढायचा तर पाण्याच्या कडेलाच, झटकन.

आता आपल्या ज्येष्ठांच्या तीन शंका. एक, ही माणसं चोरी शिकतील. आमचं म्हणणं, चोरी आत्ता होते, कारण नियम नाही आणि ओळख नाही. पासावर नाव, गाव लिहिलं की माणूस सरळ वागतो. दोन, दारू आणि कचरा. त्याला एकच उपाय: दोरीचा तुकडा किंवा बाटली काठावर सापडली तर पास रद्द. तुटलेल्या नायलॉनमध्ये बगळा, पाणकावळा अडकतो, कपडे धुणाऱ्या बायकांच्या पायात गळ घुसतो, आपली जाळी फाटते. यात माफी नको. तीन, जीवाची जोखीम. ही शंका खरी आहे. बांधाचा चिखल निसरडा असतो. म्हणून एकट्यानं बसायचं नाही, पोहता न येणाऱ्यानं पाण्यात उतरायचं नाही, अंधार पडायच्या आत उठायचं. जून-जुलैत गळ पूर्ण बंद. तेव्हा पाणी चढतं आणि बीज सोडायचे दिवस येतात.

फायद्याचीही बाजू बघा. रात्री पाण्यात विषारी पावडर टाकणारे, सुरुंग लावणारे आपल्याला ठाऊक आहेत. 1897 च्या कायद्यापासून हा गुन्हा आहे, पण कायदा काही रात्री तळ्यावर येऊन बसत नाही. तळ्याची माया लागलेला माणूस काठावर असला की डोळे वाढतात. शिवाय पासाचे पैसे बीजाच्या खात्यात जातील. आणि नवख्यांना शिकवायला बाहेरचा मास्तर कशाला? आपलीच भोयांची पोरं आहेत, ज्यांना पाण्यात काय चाललंय ते काठावरून कळतं. आज ती कंपनीत कामाला जातात, आणि बापाची विद्या बापाबरोबर संपते. शिकवण्याचे चार पैसे मिळाले तर तीही परत तळ्याकडं वळतील.

बंदीचा बोर्ड एका दिवसात लागतो आणि महिन्यात गंजतो. शिकलेला माणूस मात्र पुढच्याला शिकवतो. येत्या सभेत हा विषय मांडणार आहोत: दिवसाचा पास, अर्ध्या किलोचा नियम, जून-जुलै बंद. तुमचं मत खाली लिहा, विरोधात असलं तरी लिहा. आणि गळवाल्या तरुणांनो, तुम्ही वाचत असाल तर पुढच्या रविवारी आधी संस्थेच्या खोलीत या. चहा घेऊ, मासे ओळखायला शिकू, मग काठावर जाऊ.

संस्थेच्या वतीनं,
सचिव