दोऱ्यात काटकसर नको!

फेस्टचा सीझन आला की कॉलेजच्या आवारात हॅन्डमेड ज्वेलरीचे स्टॉल हमखास दिसतात. इन्स्टावर तर हे दुकान बारा महिने सुरू. मुंबईचं भुलेश्वर नाहीतर पुण्याची बोहरी आळी पालथी घालून मणी निवडायचे, रंग जुळवायचे, झकास फोटो काढायचे. आणि ओवायचं कशात? घरात सापडेल त्या शिवणाच्या दोऱ्यात, नाहीतर सरसकट तंगूसमध्ये! दोस्तहो, घोळ इथेच होतो. दागिने विकायचे असतील तर खर्चाच्या यादीत आधी दोरा लिहा, मग मणी.

असं का? मणी गिऱ्हाइकाला दिसतात, तो ते पारखून घेतो. दोरा मात्र आत लपलेला. तो कसला आहे हे फक्त तुम्हाला माहीत असतं. म्हणजे तिथे समोरचा निव्वळ तुमच्या शब्दावर पैसे मोजतो.

बरं, एकच दोरा सगळ्याला चालतो असंही नाही. शिवणाचा सुती दोरा घाम शोषतो, मळतो आणि हळूहळू कुजतो. तंगूस स्वस्त आणि पारदर्शक, पण गुळगुळीत असल्याने त्याची गाठ सुटते आणि उन्हाने तो कडक होऊन तुटतो. बारीक काचमण्यांच्या विणकामाला नायलॉनचा मेण लावलेला बारीक दोरा बरा, कारण एकाच मण्यातून सुई दोन-तीनदा न्यावी लागते. क्रिस्टल, धातूचे मणी किंवा जड दगड असतील, तर त्यांच्या भोकांच्या धारदार कडा साधा दोरा कापतात. तिथे नायलॉनचं आवरण असलेली स्टीलची बारीक तारच हवी. ही तार गाठीने नाही, तर क्रिम्पचा मणी पक्कडीने दाबून बंद करतात. ब्रेसलेटचं इलॅस्टिक ओवण्याआधी दोन-चारदा ताणून घ्या, म्हणजे ते नंतर सैल पडत नाही. गाठीला एकाऐवजी दोन पीळ द्या.

मोती असतील तर रेशीम, आणि दर दोन मोत्यांमध्ये गाठ. त्यामुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि सर तुटलाच तर एखादाच मोती निसटतो, बाकीचे जागच्या जागी राहतात.

यातलं काही आपल्याला नवीन नाही. आजी मंगळसूत्र ‘गाठवून’ घ्यायची ते आठवतं? दोरा विरतोय असं दिसलं, की ते तुटायची वाट न बघता पटवेकऱ्याकडे जायचं. सोनं सोनाराचं, पण ते गळ्यात टिकवणारं कसब पटवेकऱ्याचं. दोरा कधीतरी झिजणारच, हे धरूनच तो दागिना वापरला जायचा.

‘दोनशे रुपयांच्या माळेला एवढं कोण बघतं?’ असं कुणी म्हणेल. पण दोनशे रुपये पॉकेटमनीतून देणाऱ्या मुलीला ती रक्कम छोटी नसते. ऐन ट्रॅडिशनल डेला माळ तुटून मणी जिन्यावर घरंगळले, तर ती दोऱ्याला नाही, तुमच्या पेजला नावं ठेवणार. आणि चांगल्या दोऱ्याच्या एका रिळात कितीतरी माळा होतात. माळेमागे वाढणारा खर्च मण्यांच्या मानाने किरकोळच असतो.

म्हणून पुढच्या स्टॉलआधी एवढं करा. नव्या डिझाइनची एक माळ स्वतः आठवडाभर वापरा. बसमध्ये, लेक्चरला, घामात. ती टिकली तरच विकायला ठेवा. टॅगवर किमतीसोबत दोरा कसला आहे तेही लिहा. आणि ‘तुटली तर पुन्हा ओवून देऊ’ असं बिनधास्त सांगा. जे विकताना हे वाक्य बोलायची भीती वाटते, ते विकूच नका.