नंबर लागला नाही, मग काय?

नीटचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात एकच प्रश्न फिरतो, ‘नंबर लागला का?’ नाही लागला, की घरात सुतक. जणू अठराव्या वर्षीच विज्ञानाचा रस्ता संपला. अशा मित्रमैत्रिणींनी हॅरॉल्ड वार्मस हे नाव लक्षात ठेवावे.

या अमेरिकन माणसाने पदवी घेतली इंग्रजी साहित्यात. पुढे डॉक्टर व्हावेसे वाटले, तर हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजने दोनदा नाकारले. कोलंबिया विद्यापीठात प्रवेश मिळाला. शिकताना काही महिने ते आपल्या देशात, बरेलीच्या एका मिशन हॉस्पिटलातही राहून गेले. १९७० साली कॅन्सरच्या विषाणूंवर काम सुरू केले, तेव्हा त्यांचे वय तीस होते.

कोंबड्यांना गाठ आणणाऱ्या एका विषाणूत कॅन्सर घडवणारे जनुक होते. वार्मस, मायकेल बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवले, की जवळजवळ तसेच जनुक निरोगी पक्ष्यांच्या पेशींतही असते. म्हणजे विषाणूने ते पेशीतूनच उचलले होते. आपल्या पेशींतलीही अशी कामाची जनुके बिघडली, की पेशी बेसुमार वाढू शकतात. या शोधासाठी वार्मस आणि बिशप यांना १९८९ चे नोबेल मिळाले.

आपल्याकडे आजही कॅन्सरचे नाव कुजबुजत घेतले जाते. कुणी नजर लागली म्हणतो, कुणी गुनाहची सजा. पेशीतला बिघाड समजला, तर रुग्णाला आजारासोबत शरमही सोसावी लागणार नाही. गाठ लपवण्याऐवजी वेळेवर दाखवली जाईल.

वार्मस प्रयोगशाळेतच थांबले नाहीत. १९९३ ते १९९९ ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे प्रमुख होते. तिथे त्यांनी एक साधा प्रश्न लावून धरला. संशोधन लोकांच्या करातून होते, मग ते वाचायला लोकांनी पुन्हा पैसे का मोजावेत? अनेक प्रकाशकांचा विरोध झाला. तरी २००० मध्ये ‘पबमेड सेंट्रल’ हे मोफत भांडार सुरू झाले. आज मालेगावची एखादी विद्यार्थिनी मोबाइलवर तिथले लाखो शोधनिबंध फुकट वाचू शकते.

पण वाचू शकते का, खरेच? पैशाचे कुलूप निघाले, भाषेचे अजून तसेच आहे. ते काढायला अमेरिकेतून कुणी येणार नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही जाणणारी आपली पिढीच ते काढू शकते. त्यासाठी मेडिकलचा नंबर लागत नाही.

म्हणून निकाल काहीही लागो, या महिन्यात कॅन्सरवरचा एक लेख वाचा. समजला नाही, तर शिक्षकांना, ओळखीच्या डॉक्टरांना विचारा. मग अम्मीला, खालाजानला त्यांच्या भाषेत सांगा. लोकांचे ज्ञान लोकांपर्यंत पोचवणे हेही विज्ञानाचेच काम आहे.