गस्तीच्या हवालदाराचे शिक्षण

पोलीस खात्याच्या सुधारणेचा प्रश्न निघाला की वाद वरिष्ठांच्या नेमणुका व बदल्या यांभोवतीच घुटमळतो. २००६ साली प्रकाश सिंग यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जे सात निर्देश दिले, त्यांचाही रोख बव्हंशी तिकडेच होता. त्यांचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. परंतु आमच्या वाचकांपैकी कितीजणांची महासंचालकांशी गाठ पडते? रात्री अकरा वाजता पेठेत माल उतरत असता जो टेम्पो अडवितो, अगर भाऊबंदांच्या मारामारीत प्रथम येऊन उभा राहतो, तो दोन शिपाई बरोबर घेतलेला हवालदार किंवा सहाय्यक फौजदार होय. त्या घटकेपुरते सरकार म्हणजे तोच. शिपायांनी हात उगारावा की आवरावा, हे त्याच्या एका शब्दावर ठरते.

हा शब्द उच्चारण्याचे शिक्षण त्यास कोण देतो? १९०६ साली पुण्यानजीक भांबुर्ड्यास निघालेली आणि १९०९ साली नाशिकास गेलेली संस्था फौजदारांना घडवीत आली. शिपायांसाठीही प्रशिक्षण विद्यालये आहेत. मधला हवालदार मात्र मुख्यतः सेवेची वर्षे भरल्याने पुढारी बनतो. २०२२ साली राज्य सरकारने पोलीस नाईक हे पद रद्द केले. शिपायांस बढती लवकर मिळावी हा हेतू न्याय्यच होता; पण त्याबरोबर उमेदवारीची एक पायरीही गेली. उजळणीचे वर्ग भरत नाहीत असे नव्हे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे अमलात आले, तेव्हा त्यांचे पाठ दिलेच गेले. परंतु कलम ठाऊक असणे निराळे आणि संतापलेल्या सहकाऱ्याचा दंड धरून त्यास मागे ओढणे निराळे.

शिपायाने हुकूम पाळावा, त्यास बोलू दिले तर शिस्त बिघडेल, असे जुने लोक म्हणतील. त्यांनी अमेरिकेतील मिनियापोलिस शहराचे उदाहरण पाहावे. २५ मे २०२० रोजी एका दुकानात वीस डॉलरची खोटी नोट दिल्याच्या संशयावरून जॉर्ज फ्लॉइड या इसमास पकडण्यात आले आणि एका जुन्या अंमलदाराच्या गुडघ्याखाली त्याचा जीव गेला. तेथे हजर असलेल्या चौघांपैकी दोघे नोकरीत अगदी नवखे होते. त्यांतील एकाने, ‘याला कुशीवर वळवावे काय?’ असे दोनदा विचारले. जुन्याने मानले नाही. हा जुना अंमलदार नवख्यांना शिकविणाऱ्यांपैकीच होता, हे विशेष! सहकाऱ्याचा अतिरेक थांबवावा असा नियमही तेथे २०१६ पासून लिहिलेला होता. नियम कागदावर राहिला, कारण वडीलधाऱ्यास रोखण्याची आणि धाकट्याचे ऐकण्याची सवय कोणी लावली नव्हती. पुढे चौघेही तुरुंगात गेले. गेलेला प्राण काही परत आला नाही.

तेव्हा आमची मागणी अशी की, गस्तीचा भार अंगावर टाकण्यापूर्वीच हवालदारास काही आठवडे शिकवावे. आणि ते व्याख्यानांनी नव्हे, तर घडलेले प्रसंग पुन्हा उभे करून. निघण्यापूर्वी शिपायांस काम कसे समजावून द्यावे, सलग बंदोबस्ताने थकलेला माणूस ओळखून त्यास गर्दीच्या तोंडी का देऊ नये, आपल्याच माणसाची चूक डायरीत जशीच्या तशी कशी नोंदवावी, हे सारे शिकविता येते. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, म्हणून तिला सर्वांत अधिक वेळ द्यावा. शिकविणारेही वर्षानुवर्षे गस्त घातलेले असावेत.

यात खरी अडचण मनुष्यबळाची आहे. दहा हवालदार वर्गात बसले की ठाण्याचे दहा पहारे उघडे पडतात, आणि निरीक्षक नाइलाजाने त्यांस सणाच्या बंदोबस्तास परत बोलावितो. यास्तव प्रशिक्षणाकरिता राखीव माणसे अंदाजपत्रकातच मंजूर व्हावयास पाहिजेत. व्यापारी मंडळे पोलिसांस लोखंडी अडथळे आणि कॅमेरे हौसेने देतात, त्यांवर आपली नावेही रंगवितात. त्याच मंडळांनी आपल्या आमदारांस एकदा विचारावे की, आपल्या पेठेत रात्री फिरणाऱ्या हवालदारास या कामाचे शिक्षण कधी आणि किती दिवस मिळाले.